नोबेलविना गौरवलेला नाटककार

आधुनिक स्वीडिश रंगभूमीचे प्रवर्तक ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग यांचा जन्म २२ जानेवारी १८४९ रोजी स्टॉकहोम येथे झाला. आई पूर्वाश्रमीची मोलकरीण. वर्गभेदाचा सल त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत राहिला. १८७२ मध्ये लिहिलेले ‘मास्टर ओलोफ’ रंगमंचावर येण्यास १८८१ साल उजाडले. उमरावकन्या आणि नोकर यांच्यातील संघर्षाचे ‘मिस ज्युली’ १८८८ चे. स्वीडनमध्ये त्याचा प्रयोग १९०६ मध्येच होऊ शकला. ‘ड्रीम प्ले’ने स्थळकाळाची बंधने झुगारून रंगभूमीला स्वप्नाची भाषा दिली. स्वीडिश अकादमीने त्यांना नोबेल नाकारले. १९१२ मध्ये सामान्य जनतेने वर्गणी काढून त्यांचा गौरव केला. त्यातील बरीचशी रक्कम त्यांनी गरजूंना वाटली. त्याच वर्षी १४ मे रोजी ते निवर्तले. अंत्ययात्रेत हजारो कामगार सामील झाले होते.