श्रमाचे मोल मोजणारा व्रतस्थ : ना. म. जोशी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सदर्न मराठा रेल्वेने हुबळीत आपला कारखाना उभारला आणि या गावाच्या जीवनास नवे वळण लागले. शेतीवर व हातमागावर पोट भरणारी अनेक घरे महिन्याच्या पगारावर जगू लागली. तो पगार किती असावा, हे त्या काळी मालकाच्या मर्जीवर आणि दाराशी उभ्या असलेल्या बेकारांच्या संख्येवर ठरत असे. वेतनाला एक खालची मर्यादा असावी व तिच्यामागे कायद्याचे बळ असावे, हा विचार आपल्या देशात रुजविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत नारायण मल्हार जोशी यांचे स्थान फार वरचे आहे. मुंबईच्या गिरणगावातील एका रस्त्यास त्यांचे नाव आहे; परंतु त्या नावामागील माणूस आज विस्मृतीत जाऊ पाहत आहे.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यात शिक्षण घेऊन १९०१ साली ते डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले. पुढील काही वर्षे त्यांनी शिक्षकाचे काम केले. १९०९ साली ते नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. स्वतःसाठी धन मिळवावयाचे नाही आणि संस्था देईल त्या अल्प मानधनात संसार चालवावयाचा, असे हे व्रत होते. ज्याने पुढे लक्षावधी लोकांच्या वेतनाची चिंता वाहिली, त्याने स्वतःच्या मिळकतीची चिंता अशी प्रारंभीच सोडून दिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९११ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना झाली. चाळींतून रात्रीच्या शाळा, मोफत वाचनालये, फिरती ग्रंथालये, दवाखाने आणि सहकारी पतपेढ्या हा या संस्थेचा व्याप होता. ग्रंथालयाच्या शतकोत्सवी अंकात जोशी यांचे स्मरण करण्यास एवढे एक कारणही पुरेसे ठरावे. मात्र चाळींत वावरताना त्यांच्या ध्यानी आले की, पठाणाच्या व्याजात गुरफटलेल्या माणसाच्या हाती पुस्तक दिले, तरी ते वाचण्यास लागणारे स्वास्थ्य त्याच्या घरात नसते. सेवाकार्याकडून संघटनेकडे व संघटनेकडून कायद्याकडे त्यांची पावले वळली, ती या अनुभवामुळे.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तीत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. १९२० साली मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १९२१ पासून मध्यवर्ती विधिमंडळात ते कामगारांचे नियुक्त सभासद होते. कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे हा ठराव त्यांनी त्याच वर्षी मांडला. १९२६ साली तसा कायदा झाला. १९२४ साली त्यांनी आणलेले प्रसूती साहाय्याचे विधेयक सभागृहाने फेटाळले, तरी त्यांनी हा विषय सोडला नाही.

१९२८ साली जिनिव्हा येथे किमान वेतन ठरविणाऱ्या यंत्रणेविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. पाठोपाठ भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटली आयोग नेमला गेला व जोशी त्याचे सदस्य झाले. साम्राज्य सरकारच्या आयोगाशी सहकार्य करणे अनेकांना मानवले नाही. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेसने आयोगावर बहिष्कार घातला आणि जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले. मवाळपणाचा शिक्का त्यांच्यावर बसला तो कायमचा. कामगाराच्या घरखर्चाचा आकडा सरकारी दप्तरात नोंदला गेला, तर त्या आकड्याच्या आधारे पुढे भांडता येते, अशी त्यांची श्रद्धा होती. संपाची शक्ती ते नाकारीत नव्हते. परंतु संप मिटल्यावर हाती काय राहते, हा त्यांचा प्रश्न असे. पुढे दुरावा मिटला आणि १९४० पासून १९४८ पर्यंत त्यांनी पुन्हा त्याच संस्थेचे सरचिटणीसपद सांभाळले.

या श्रद्धेचे फळ उतारवयात दिसले. मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक विधिमंडळात आणले. ते १९४८ साली कायद्यात परिणत झाले. मधल्या काळात पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाचे सदस्य म्हणून जोशी यांनी काम केले. त्या आयोगाने १९४७ साली ३० रुपये मूळ वेतन व २५ रुपये महागाई भत्ता, असा किमान ५५ रुपयांचा पाया सुचविला. रेल्वेचे कामगारही त्या शिफारशींच्या कक्षेत असल्याने हुबळीच्या कारखान्यातील खालच्या श्रेणीच्या कामगारापर्यंत त्या पोहोचल्या.

१९४८ च्या कायद्याने विडी, तेलगिरण्या, दगडफोड, रस्ते व इमारतीचे काम, कातडी कमावणे, स्थानिक संस्थांतील नोकरी आणि शेती अशा असंघटित व्यवसायांस प्रथम हात घातला. दर पाच वर्षांच्या आत वेतनाचा फेरविचार व्हावा, हे कलम त्याचा प्राण होय. जिनिव्हाच्या करारास भारताने जानेवारी १९५५ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी ३० मे रोजी जोशी यांचे मुंबईत निधन झाले. सरकारने देऊ केलेला सी. आय. ई. हा किताबही न स्वीकारलेला हा पुरुष शेवटपर्यंत साधेपणानेच राहिला.

त्यांनी मांडलेला हिशेब त्यांच्या मागे पुढे चालू राहिला. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने तीन प्रौढांइतका खाणारा कुटुंबाचा घटक, प्रत्येकी २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी २० टक्के, असे मोजमाप ठरविले. मुलांचे शिक्षण, औषधपाणी व म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पुढे दिला. १९९६ साली सुचविलेली ३५ रुपये रोजाची राष्ट्रीय तळमर्यादा २०१७ साली १७६ रुपयांवर गेली. तिला कायद्याचे बंधन मात्र नव्हते. ते बंधन २०१९ च्या वेतनसंहितेने घातले आणि ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली.

एकवीस वर्षांत आकडा पाचपट झाला, म्हणून ताटातील भाकरी पाचपट झाली असे नव्हे. धान्य, भाडे व औषध यांचे भाव त्याच वाटेने चालत असतात आणि वेतन बहुधा दोन पावले मागे राहते. शिवाय १९५६ साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला, तेव्हापासून निपाणीच्या विडी कामगार स्त्रीचा दर बंगळुरात ठरतो आणि कोल्हापूरच्या तिच्या बहिणीचा मुंबईत. काम तेच, विडीही तीच. हिशेबाच्या वह्या मात्र दोन. किमान वेतन एकदा ठरवून विसरण्याची गोष्ट नसून ते पुनःपुन्हा मोजावे लागते, आणि मोजणाऱ्याला ते घर ठाऊक असावे लागते, हा जोशी यांच्या चरित्राचा बोध आहे. आपल्या वाचनालयाच्या पायऱ्या चढून दमल्या हातांनी वर्तमानपत्र उघडणाऱ्या प्रत्येक वाचकावर त्यांचे ऋण आहे.