नोटेवरील स्वाक्षरी : चिंतामणराव देशमुख

कोणाच्या घरी आजोबांच्या पेटीत सहाव्या जॉर्ज बादशहाची दहा रुपयांची नोट जपून ठेवलेली असेल, तर विद्यार्थ्यांनी ती अवश्य मागून पाहावी. तीवर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची इंग्रजी स्वाक्षरी असण्याचा संभव आहे. त्या स्वाक्षरीच्या धन्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील वकिली करीत. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकाविली. पुढे केंब्रिज येथे त्यांनी निसर्गशास्त्रांचा अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले. संस्कृत आणि वनस्पतिशास्त्र यांत रमणारा हा पुरुष अर्थव्यवहाराकडे वळला, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटते.

मध्यप्रांत व वऱ्हाडात दीर्घकाळ नोकरी केल्यावर ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी तिचे गव्हर्नर झाले. त्या पदावर बसणारे ते पहिलेच भारतीय होत. काळ मोठा कठीण होता. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपले होते, बंगालात दुष्काळ पडला होता, महागाई भडकली होती. अशा वेळी एक निराळेच अस्त्र हिंदुस्थानावर चालून आले. आधीचे गव्हर्नर जे. बी. टेलर यांच्या स्वाक्षरीच्या दहा रुपयांच्या खोट्या नोटा जपानने हुबेहूब बनविल्या. कागदी नोट चालते ती केवळ विश्वासावर. हातातली नोट खरी की खोटी, हा संशय बाजारात एकदा शिरला म्हणजे व्यापारी माल देईनासा होतो आणि मजूर मजुरी घेताना कचरतो. तोफेचा एक गोळाही न उडवता राज्य खिळखिळे करण्याचा हा मार्ग होय.

जपान्यांना ही कला नवी नव्हती. आपल्या नोटा कोरण्यासाठी त्यांनी १८७५ सालीच किओसोने नावाच्या इटालियन कारागिरास पाचारण केले होते, आणि मित्सुमाता नावाच्या झुडपाच्या सालीपासून ते नोटांसाठी चिवट कागद करीत. अशा निष्णात हातांशी येथे गाठ होती.

तेव्हा नोटेचे रूपच बदलावे लागले. जुन्या नोटेवर बादशहाचा चेहरा एका बाजूने दिसे. नव्या नोटेवर तो समोरून दाखविला. जलचिन्हही बदलले. हे चिन्ह छापलेले नसते. लगदा ओला असतानाच कागद कोठे पातळ, कोठे जाड केला जातो, म्हणून ते उजेडासमोर धरल्यावरच दिसते आणि छापखान्यातील शाईने त्याची नक्कल साधत नाही. याखेरीज कागदाच्या पोटात एक बारीक धागा घालण्यात आला. आपल्या देशाच्या नोटेत सुरक्षा-धागा आला तो याच वेळी प्रथम. आज दुकानदार नोट उजेडाकडे धरतो तेव्हा तो याच दोन खुणा शोधत असतो.

१९४४ साली ब्रेटन वुड्स येथील परिषदेस चिंतामणराव भारताच्या शिष्टमंडळातून गेले. फाळणीनंतर काही काळ पाकिस्तानातही त्यांच्याच स्वाक्षरीच्या नोटा, वर पाकिस्तान सरकारचा शिक्का उमटवून, चालत. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच कारकीर्दीत.

१९५० साली ते भारताचे अर्थमंत्री झाले. १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. पुढे मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरले, तेव्हा १९५६ च्या जुलैत त्यांनी मंत्रिपद सोडले. त्या राजीनाम्याने बेळगाव-निपाणीचा प्रश्न सुटला नाही, हे खरे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला. तथापि अर्थमंत्रिपदासारखे पद आपल्या लोकांसाठी सोडणारा माणूस म्हणून त्यांचे नाव या बाजूच्या मराठी घरांतून आदराने घेतले जाते, आणि ते आम्हांस योग्यच वाटते.

त्यानंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. पत्नी दुर्गाबाई याही थोर समाजसेविका होत्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे देहावसान झाले.