सर जमशेटजी जीजीभाई : अनाथ प्राण्यांचे आश्रयदाते

माहुलहून आणिकच्या बाजूने निघून डोंगराच्या पोटातील बोगद्यातून पलीकडे गेले म्हणजे पांजरापोळ नावाचे ठिकाण लागते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी हे नाव बसच्या पाटीवर वाचले असेल. परंतु त्याचा अर्थ काय, ह्याचा विचार फार थोड्यांनी केला असेल. लंगड्या, आंधळ्या, म्हाताऱ्या आणि धन्याने टाकून दिलेल्या जनावरांस अन्न, पाणी व निवारा देण्याची जी जागा, तिला पांजरापोळ म्हणतात. मुंबई शहरातील ह्या नावाची जुनी व प्रसिद्ध संस्था भुलेश्वर येथे १८३४ साली स्थापन झाली. पांजरापोळ म्हटले की गाईगुरे डोळ्यांपुढे येतात. तथापि ही संस्था ज्या निकडीतून निघाली, ती निकड रस्त्यावरील बेवारशी कुत्र्यांचे प्राण वाचविण्याची होती. तिच्या संस्थापकांपैकी जे प्रमुख, त्या सर जमशेटजी जीजीभाई ह्यांचे चरित्र आम्ही आज आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडीलमंडळींस सादर करीत आहो.

जमशेटजींचा जन्म १७८३ साली झाला. त्यांचे घराणे नवसारीकडचे, पारशी धर्माचे, आणि परिस्थितीने गरीब होते. सोळा वर्षांचे वय होते न होते तोच आईबापांचे छत्र नाहीसे झाले. शाळेचे शिक्षण बेताचेच; हाताशी पैसा नाही. अशा स्थितीत हा पोरका मुलगा मुंबईस आपले मामा फ्रामजी नसरवानजी ह्यांच्या आश्रयास आला. फ्रामजींचा धंदा रिकाम्या बाटल्या विकत घेण्याचा व विकण्याचा होता. जमशेटजी त्यांच्या हाताखाली तोच धंदा करू लागले, आणि बाटलीवाला हे नाव त्यांनाही चिकटले. पुढे १८०३ साली मामांची कन्या आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

दुसऱ्याच्या घरी आश्रय मिळून ज्याचे आयुष्य सावरले, त्यास निराश्रिताचे दुःख कळावयास वेळ लागत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. जमशेटजींच्या पुढील वर्तनाचे मर्म आम्हांस येथेच दिसते.

तरुणपणी जमशेटजींनी व्यापारासाठी चीन देशाच्या पाच सफरी केल्या. त्या काळी असा प्रवास म्हणजे महिनेच्या महिने शिडाच्या जहाजात काढणे, आणि वाटेत वादळाची व शत्रूची भीती ही ठरलेलीच. १८०५ सालच्या सफरीत ते ज्या ब्रन्स्विक नावाच्या जहाजावर होते, ते फ्रेंचांनी पकडले. उतारूंस आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी नेण्यात आले, आणि तेथून जमशेटजींस मोठ्या हालअपेष्टा सोसून घरी परतावे लागले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण डॉक्टर होता. त्याचा व जमशेटजींचा स्नेह पुढे मोठ्या व्यापारी संबंधात परिणत झाला. जमशेटजींच्या पेढीत मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोघे हे कोकणी मुसलमान आणि रोजेरिओ द फारिया हे गोव्याचे ख्रिस्ती गृहस्थ भागीदार होते. चार धर्मांची माणसे एका पेढीवर बसून विश्वासाने व्यवहार करीत, ही त्या काळच्या मुंबईची शोभा होय.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जमशेटजी कापसाचा व्यापार करीत हे खरे. परंतु त्यांच्या अपार संपत्तीचा मोठा भाग अफूच्या व्यापारातून आला होता. ती अफू चीनमध्ये जाई आणि तेथील असंख्य कुटुंबांची धूळधाण करी. त्या काळी हा धंदा मोठमोठे प्रतिष्ठित लोक करीत आणि सरकारही त्यातून उत्पन्न घेई. परंतु एवढ्याने तो निर्दोष ठरत नाही. थोर पुरुषाचे चरित्र वाचावयाचे ते त्याचे दोष पुसून टाकण्यासाठी नव्हे. त्याने चांगले काय केले हे ओळखावे, आणि जे चांगले नव्हते त्यापासून सावध राहावे, ह्यासाठी चरित्र वाचावे.

आता आपण १८३२ सालाकडे वळू. मुंबईत भटक्या कुत्र्यांचा सुळसुळाट फार होता. उन्हाळ्याच्या दिवसांत अशी कुत्री मारावी, असा सरकारी नियम १८१३ सालापासून चालत आला होता. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या काळी उपाय नव्हता. पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यावरील लस मनुष्यास प्रथम टोचली ती १८८५ साली, म्हणजे त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी. तेव्हा सरकारची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु १८३२ मध्ये पोलिसांनी ही मोहीम अधिक कडक केली आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. बक्षिसाच्या लोभाने शिपाई निरुपद्रवी कुत्र्यांवरही तुटून पडू लागले. लोकांच्या दारात, त्यांच्या डोळ्यांदेखत, मुक्या प्राण्यांस काठ्यांनी ठेचण्यात येऊ लागले.

पारशी धर्मात कुत्र्यास मोठा मान आहे. मृताच्या देहाजवळ कुत्रा आणून त्याची दृष्टी त्यावर पाडण्याचा सगदीद नावाचा विधी त्यांच्यात आहे. वेंदिदाद ह्या त्यांच्या धर्मग्रंथात कुत्र्यांस वाईट अन्न देणे किंवा इजा करणे हे पाप मानले आहे. इतकेच नव्हे, तर गाभण कुत्री ज्याच्या जागेत येऊन पडेल, त्याने तिचा सांभाळ करावा आणि तिची पिले स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत त्यांस पोसावे, अशी आज्ञा त्यात आहे. हिंदू व जैन ह्यांसही जीवहत्या असह्य होती. अशा लोकांच्या अंतःकरणास ह्या प्रकाराने केवढी जखम झाली असेल, ह्याची कल्पना करावी.

६ जून १८३२ ह्या दिवशी पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशीही शिपाई कोटात कुत्री मारीत फिरू लागले, तेव्हा लोकांचा संयम सुटला. पारशांचा जमाव जमला आणि त्याने शिपायांस मारहाण केली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. हिंदू, जैन आणि काही मुसलमान व्यापारीही पारशांस मिळाले. कुलाब्यास असलेल्या गोऱ्या पलटणीकडे जाणारी खाण्यापिण्याची सामग्री अडविण्यात आली. अखेर सरकारने लष्कर बोलाविले, जमाव पांगविला आणि पुष्कळांस कैद केले.

दंगा मोडला, परंतु प्रश्न सुटला नाही. लोकांच्या मनात राग होता, सरकारच्या मनात संशय होता, आणि कुत्री रस्त्यावर होती तशीच होती. ह्या वेळी जमशेटजी व इतर शेठिये पुढे झाले. त्यांनी सरकारकडे अर्ज करून आपल्या लोकांतर्फे रदबदली केली आणि कुत्री मारण्याऐवजी त्यांस शहराबाहेर न्यावे, असे सुचविले. परंतु जमशेटजींची थोरवी केवळ अर्ज करण्यात नाही. मारू नका असे सांगणे सोपे आहे. मग ह्यांस ठेवावयाचे कोठे, आणि ह्यांस खावयास घालावयाचे कोणी, ह्या प्रश्नास उत्तर देणे अवघड आहे. ते उत्तर जमशेटजींनी दिले, आणि तेही आपल्या तिजोरीतून दिले.

मोतीचंद अमीचंद ह्या आपल्या जैन स्नेह्यास बरोबर घेऊन त्यांनी १८ ऑक्टोबर १८३४ रोजी मुंबईचे पांजरापोळ स्थापन केले. भुलेश्वर भागात जागा करण्यात आली. ज्यांस कोणी वाली नव्हता अशी कुत्री व डुकरे तेथे प्रथम ठेवण्यात आली. पुढे गाई, बैल, घोडे, पक्षी अशी सर्व प्रकारची जनावरे येऊ लागली. एका श्रीमंताच्या देणगीवर असे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत नाही, हे जमशेटजींसारख्या व्यापाऱ्यास ठाऊक होते. म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या व्यवहारावर थोडथोडा लागा आपखुशीने द्यावा आणि त्यातून जनावरांच्या दाणावैरणीचा खर्च भागवावा, अशी व्यवस्था झाली. एका दिवसाच्या दयेस अशा रीतीने कायमचा पाया मिळाला. लंडन शहरातील भटक्या कुत्र्यांचे सुप्रसिद्ध आश्रयस्थान, जे सांप्रत बॅटरसी येथे आहे, ते १८६० साली निघाले. मुंबईने त्याच्या सव्वीस वर्षे आधी हे काम हाती घेतले होते, ही आम्हां मुंबईकरांस अभिमानाची गोष्ट होय.

जमशेटजींच्या दातृत्वाचा ओघ मनुष्यांकडेही तितकाच वाहिला. त्यांच्या नावाचे रुग्णालय १८४५ साली सुरू झाले, आज जे. जे. हॉस्पिटल ह्या नावाने गरिबांस ते परिचित आहे. १८५७ साली कलाशाळा निघाली. मुंबई व वांद्रे ह्यांमधील खाडीवर पूल नसल्यामुळे होड्या उलटून लोक बुडत. ती आपत्ती टाळण्यासाठी आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये देऊन माहीमचा बांध घालविला. तो १८४५ साली खुला झाला. ज्या पुरुषाने कुत्र्यांसाठी घर बांधले, त्याने माणसांकडे पाठ फिरविली असा आरोप करण्यास ह्या यादीने जागाच ठेविली नाही. १८४२ साली जमशेटजींस सर ही पदवी मिळाली आणि १८५७ साली ते बॅरोनेट झाले. हे दोन्ही मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. १८५९ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्यांनी लावलेले रोप त्यांच्या मागे सुकले नाही. १८७४ साली मुंबईत प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास आळा घालणारी मंडळी स्थापन झाली, आणि परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय निघाले. तरीही कुत्री मारण्याची सरकारी रीत पुढे दीर्घ काळ चालूच राहिली. अखेर १९९४ च्या सुमारास मुंबईच्या महानगरपालिकेने ती सोडली आणि कुत्र्यांची नसबंदी करण्याचा मार्ग धरिला. त्यासंबंधी देशभर लागू होणारे नियम २००१ साली झाले व २०२३ साली नव्याने करण्यात आले. नसबंदी करून व पिसाळ रोगाची लस टोचून कुत्र्यास त्याच्या मूळ जागी सोडतात. अशा कुत्र्याच्या कानास खूण केलेली असते. जे काम काठीने शंभर वर्षांत झाले नाही, ते ह्या शांत उपायाने होण्याची आशा आहे.

ह्या चरित्रापासून आम्ही काय शिकावे? माहुलच्या कोळीवाड्यात, खाडीच्या काठी, वसाहतीतील इमारतींच्या जिन्याखाली कुत्र्यांची पिले आपण नेहमी पाहतो. पावसाळ्यात त्यांपैकी कित्येक थंडीने व भुकेने मरतात. एखादा कनवाळू मुलगा भिजलेले पिलू छातीशी धरून घरी आणतो, आणि आई दारातच त्यास अडविते. आईचे म्हणणे अगदी चूक नसते. घर लहान, खाणारी तोंडे अनेक, आणि आज आणलेल्या पिलाचे उद्या कोणी करावयाचे? आमच्या मते मुलाने रडावे किंवा आईने रागवावे, ह्यापेक्षा दोघांनी मिळून जमशेटजींप्रमाणे विचार करावा. पिलाची आई जवळपास असेल तर त्यास मुळीच हलवू नये. निदान आठ आठवडे त्यास आईचीच गरज असते. आई मेली असेल, तर चारसहा शेजाऱ्यांनी मिळून वाटणी करावी : एकाने जागा द्यावी, दुसऱ्याने अन्न, तिसऱ्याने जनावरांच्या डॉक्टराकडे नेऊन लस टोचून आणावी, आणि चौथ्याने त्यास कायमचे घर शोधून द्यावे. पिलू चांगल्या घरी गेले म्हणजे सांभाळणाऱ्याचे काम संपले. त्या वेळी डोळ्यांत पाणी येते. परंतु रिकाम्या झालेल्या जागी दुसऱ्या एखाद्या अनाथ जीवास आसरा मिळतो.

दयेबरोबर सावधपणाही हवा. अनोळखी, आजारी किंवा पिलांजवळ बसलेल्या कुत्रीस मुलांनी हात लावू नये. वडील माणसांस बोलवावे. कुत्रा चावला किंवा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. ही गोष्ट माराच्या भीतीने घरी लपवून ठेवणे म्हणजे जिवाशी खेळणे होय. वडीलमंडळींनीही अशा वेळी मुलास आधी रागावू नये, आधी दवाखान्यात न्यावे.

श्रीमंताच्या दारी पडलेल्या लाजरसाचे व्रण कुत्रीच येऊन चाटीत होती, ही शुभवर्तमानातील कथा आमच्या विद्यार्थ्यांनी ऐकलीच आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज तर आपल्या महाराष्ट्राचेच. जमशेटजींपाशी लाखो रुपये होते. आपणांपाशी ते नाहीत. परंतु एका पोत्याची ऊब, एक वाटीभर अन्न आणि जबाबदारी घेण्याचे धैर्य, एवढे माहुलच्या कोणत्याही घरातून निघू शकते. पुढल्या वेळी बसच्या पाटीवर पांजरापोळ हे नाव दिसेल, तेव्हा आमच्या वाचकांस बाटल्या विकणाऱ्या त्या पोरक्या मुलाची आठवण व्हावी, आणि घराच्या वाटेवर एखादे निराधार पिलू भेटल्यास त्याचे काय करावयाचे हे आधीच ठरलेले असावे, एवढीच आमची इच्छा आहे.