दिवा विझला, सूत्र उरले

सुट्टीत मी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या गॅरेजात हिशेब लिहायला बसतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. इंजिनातले मला फारसे कळत नाही. पण गेल्या दिवाळीत तिथे एक प्रसंग घडला आणि ज्यांचे नावही मी ऐकले नव्हते, अशा एका माणसाचे चरित्र मी मिळेल तिथून वाचून काढले.

एका जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन नव्याने बांधले होते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण दाखवणारा गेज डॅशबोर्डवर आणि त्याला माहिती पुरवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसवला होता. गेज मात्र सारखी हवाच जास्त दाखवी. सेन्सर बिघडला असे मी ठरवून टाकले आणि नव्याची किंमत बिलात लिहायलाही घेतली. आमच्या कानडी अण्णा मिस्त्रींनी मला थांबवले. आधी त्याला गाळी, म्हणजे मोकळी हवा, दाखवायची म्हणाले. सेन्सर काढून धुरापासून दूर टांगला, त्याचा हीटर तापू दिला. हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांना किंचित कमी असतो; सेन्सरने बरोबर तेवढाच दाखवला. मग गेजला मोजून व्होल्टेज दिले; तोही ठीक. दोष निघाला सेन्सरच्या अलीकडच्या सांध्यात. तिथून बाहेरची हवा नळीत शिरत होती. एका गॅस्केटवर काम भागले. ज्याला मी खोटा ठरवला, तोच खरे सांगत होता!

या सेन्सरच्या पोटात एक नर्न्स्ट सेल असतो, असे अण्णांकडून कळले. पण नर्न्स्ट कोण, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

वाल्टर नर्न्स्ट यांचा जन्म २५ जून १८६४ रोजी तेव्हाच्या पश्चिम प्रशियातील ब्रीझेन गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. १८८७ मध्ये ते लाइपझिगला ओस्टवाल्ड यांच्या हाताखाली आले आणि १८८९ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी आपले प्रसिद्ध सूत्र मांडले. दोन बाजूंना एकाच पदार्थाचे प्रमाण वेगवेगळे असेल, तर त्या फरकातून किती व्होल्टेज निर्माण होईल, हे ते सूत्र सांगते. या सूत्राचा त्यांना एक पैसाही मिळाला नाही.

पैसा मिळाला तो दिव्याचा. गटिंगेनला प्राध्यापक असताना १८९७ मध्ये त्यांनी झिर्कोनियाची कांडी वापरून विजेचा दिवा केला. ही कांडी थंड असताना वीज वाहू देत नाही. आधी तापवावी लागते. हे हक्क ए.ई.जी. कंपनीने सुमारे दहा लाख मार्कांना घेतले. नर्न्स्टनी मोटार घेतली. चढावर जोर यावा म्हणून त्यांनी इंजिनाला नायट्रस ऑक्साइड वायू पुरवला होता, असेही सांगतात. पुढे काही वर्षांतच धातूच्या तारेचे दिवे आले आणि नर्न्स्ट दिवा बाजारातून गेला.

१९०५ मध्ये ते बर्लिनला आले. उष्मागतिकीचा तिसरा नियम म्हणून जो ओळखला जातो, तो त्यांच्या इथल्या कामातून आला आणि त्यासाठी त्यांना १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९१३ मध्ये आइन्स्टाइनना बर्लिनला आणण्यासाठी प्लांक यांच्याबरोबर झुरिकला गेले तेही नर्न्स्टच.

इथवर सारे जमेच्या बाजूला. पण हिशेब लिहिणाऱ्याने नावे बाजू कोरी ठेवू नये. १९१४ मध्ये जर्मन युद्धनीतीचे समर्थन करणाऱ्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. पन्नाशीचे असून ते स्वतःची मोटार घेऊन लष्करात चालक झाले आणि पुढे त्रासदायक वायूंच्या तोफगोळ्यांवरही त्यांनी काम केले. त्याच युद्धात त्यांचे दोन्ही मुलगे मारले गेले. कोणत्या रकमेने ही बाकी फेडावी?

पुढे नाझी आले. त्यांच्या तीन मुलींपैकी दोघींचे पती ज्यू होते; त्यांना देश सोडावा लागला. नर्न्स्टना नाझी राजवट मान्य नव्हती. १९३३ मध्ये निवृत्त होऊन ते झिबेले येथील आपल्या शेतावर राहिले आणि तिथेच १८ नोव्हेंबर १९४१ रोजी वारले.

त्यानंतर ३५ वर्षांनी, १९७६ मध्ये, बॉश कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर व्होल्वोच्या मोटारींत आला. त्यात होता झिर्कोनिया, म्हणजे दिव्याच्या कांडीतलाच पदार्थ. तोही तापवल्याशिवाय काम करीत नाही. त्याच्या एका बाजूला इंजिनाचा धूर, दुसऱ्या बाजूला हवा. ऑक्सिजनच्या फरकातून व्होल्टेज तयार होते, ते १८८९ च्या सूत्राप्रमाणे. वाइडबँड सेन्सरमध्ये आणखी एक सेल ऑक्सिजन आत-बाहेर ढकलून नर्न्स्ट सेलचे व्होल्टेज ०.४५ वर ठेवतो. त्याला किती प्रवाह लागला, त्यावरून गेजचा आकडा ठरतो.

यंत्रावर दरवर्षी घसारा लिहावा लागतो, असे आम्ही शिकतो. दहा लाखांच्या दिव्यावर तो इतका लागला की दिवाच उरला नाही. फुकट दिलेल्या सूत्राला मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांत घसारा लागलेला नाही. आणि त्या दोन मुलांची नोंद कोणत्या खात्यात करावी, हे मला अजून कळलेले नाही.

त्या दिवशी मी बिलातून सेन्सरची किंमत खोडली आणि गॅस्केटची लिहिली.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष