आनंदीबाई मार खाऊन घडल्या नाहीत

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटले की आपल्याला आठवते ती १८८६ साली अमेरिकेत मिळवलेली वैद्यकीय पदवी. ती मिळवणाऱ्या मुलीचे बालपण मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याणचे हे घराणे एके काळी सधन होते, पुढे परिस्थिती खालावली. आई कमालीची कडक. आई आपल्याशी कधी मायेने बोलली नाही आणि शिक्षा करताना दोरी, काठी, दगड, प्रसंगी जळता निखाराही वापरायची, असे आनंदीबाईंनीच पुढे सांगितले.

नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास. त्यांची बदली अलिबागला झाली तेव्हा सोबतीला आजी गेली, तेवढाच मुलीला आधार. पण अभ्यासाच्या जोडीने मारही आला. दहाव्या वर्षी लाकडाने मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या, सोडून देण्याची धमकी. चौदाव्या वर्षी बाळंतपण झाले आणि बाळ दहा दिवसांतच गेले. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय पक्का झाला. १८८३ मध्ये त्या पतीशिवाय अमेरिकेला निघाल्या.

तिथून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी या माराचा हिशेब मांडला. शेवटी जे साध्य झाले ते पाहता तुमचे वागणे योग्य वाटेल, पण लहान मुलीच्या मनावर होणारा परिणाम पाहता ते चूकच होते, असा त्याचा आशय. विशीही न गाठलेल्या मुलीने हे लिहिले, तेव्हा बालमानसशास्त्र हा विषय नुकता कुठे आकार घेत होता.

त्यांचे म्हणणे विज्ञानाने शंभर वर्षांनी मान्य केले. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हजारो प्रौढांना बालपणाविषयी विचारले गेले. मारहाण, लैंगिक अत्याचार, अपमान, घरातले व्यसन, आईला होणारी मारहाण असे अनुभव जितके जास्त, तितके पुढे नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न आणि हृदयविकारही जास्त आढळले. सतत भीतीत वाढणाऱ्या मुलाच्या शरीरातील तणावाची संप्रेरके वारंवार वाढत राहतात. त्यामुळे झोप बिघडते, लक्ष लागत नाही. अशा मुली तरुणपणी स्वतःलाच दोष देतात आणि पुढे नवऱ्याचा मारही त्यांना रीतसर वाटू लागतो. घरातली ओढाताण, आईवडिलांनी लहानपणी खाल्लेला मार, लवकर लग्न आणि आधाराला कुणी नसणे, यांनी धोका वाढतो.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या. क्षय जंतूंमुळे होतो, त्याचा दोष माराला देता येणार नाही. पण मारामुळेच त्या डॉक्टर झाल्या, असेही म्हणता येणार नाही. त्या शिकल्या त्या बुद्धीच्या, जिद्दीच्या आणि मिळालेल्या संधीच्या बळावर. मार ही त्या शिक्षणाची फी नव्हती.

सोलापूर जिल्ह्यात आजही बालविवाह रोखल्याच्या बातम्या येतात. पोरीच्या भल्यासाठीच, असे म्हणत हात उगारणारी घरेही आहेत. एखादी मुलगी अचानक गप्प झाली, शाळा टाळू लागली, ठरावीक माणसाला घाबरू लागली किंवा अंगावरचे वळ लपवू लागली, तर तिला एकांतात, न रागावता विचारा. ती जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा, यात तुझी चूक नाही हे तिला सांगा. १०९८ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते. घरातली एक आजी, मावशी किंवा शाळेतल्या बाई ठामपणे पाठीशी उभ्या राहिल्या, तरी मुलीला सावरायला मोठे बळ मिळते.