चित्रकार आल्बर्ट नामाटजिरा (१९०२–१९५९)

१९८६ च्या नोव्हेंबर महिन्यात संत पोप जॉन पॉल दुसरे ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना मध्य भागातल्या वाळवंटातील ॲलिस स्प्रिंग्ज ह्या गावी मुद्दाम गेले आणि तेथे आदिवासी बांधवांना भेटले. ह्याच गावच्या दफनभूमीत एका आदिवासी चित्रकाराची कबर आहे. ते कॅथलिक नव्हते, लुथरन होते. तरीही त्यांची ओळख आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना व्हावी असे आम्हांला वाटले.

आल्बर्ट नामाटजिरा ह्यांचा जन्म २८ जुलै १९०२ रोजी हर्मन्सबर्ग मिशनमध्ये झाला. जर्मन मिशनऱ्यांनी हे ठाणे १८७७ साली अरेंटे आदिवासींच्या मुलखात वसवले होते. आईवडिलांनी ठेवलेले नाव एलिया. पुढे आईवडील ख्रिस्ती झाले, तेव्हा बाळाचाही बाप्तिस्मा होऊन तो आल्बर्ट झाला. मिशनच्या शाळेत ते बायबल शिकले आणि तेराव्या वर्षी जमातीच्या वडीलधाऱ्यांकडून पूर्वजांच्या डोंगर-पाणवठ्यांच्या कथाही शिकले. दोन्ही शिकवणी त्यांनी जन्मभर सांभाळल्या. अठराव्या वर्षी जमातीच्या नियमात न बसणारे लग्न केल्यामुळे काही वर्षे त्यांना दूर राहावे लागले. मग पत्नी रुबिना आणि मुलांना घेऊन ते परतले. उंट हाकणे, गुरे राखणे, सुतारकाम, मिळेल ते काम त्यांनी केले.

१९३४ साली रेक्स बॅटरबी नावाच्या गोऱ्या चित्रकाराने मिशनमध्ये आपली चित्रे मांडली. ती पाहून आल्बर्ट ह्यांना आपणही असे काढावे असे वाटले. १९३६ साली त्यांनी बॅटरबींचे उंट सांभाळले आणि मोबदल्यात जलरंग शिकून घेतले. अवघ्या दोन महिन्यांची ती शिकवणी! १९३८ साली मेलबर्नला त्यांचे पहिले प्रदर्शन भरले आणि सगळी, ४१ चित्रे काही दिवसांतच विकली गेली.

जांभळे डोंगर, तांबडी माती, निलगिरीच्या जातीची पांढऱ्या खोडाची झाडे. त्यांच्या चित्रांत बहुतेक एवढेच असते. अन्याय कुठेच दिसत नाही. त्यामुळे काही टीकाकारांनी त्यांना गोऱ्यांची नक्कल करणारा म्हणून हिणवले. परंतु ते जी जागा रंगवीत ती त्यांच्या पूर्वजांची होती, आणि कायद्याने तिच्यातली वीतभरही त्यांची नव्हती. हे कळल्यावर आम्हांला तरी ती चित्रे निराळी दिसू लागली.

कीर्ती भरपूर मिळाली. १९४७ साली त्यांच्यावर माहितीपट निघाला, १९५३ साली राणीचे पदक मिळाले, १९५४ साली कॅनबेरा येथे प्रत्यक्ष राणी एलिझाबेथची भेट झाली. पण त्यांनी गुरे पाळण्यासाठी जमीन मागितली, ती नाकारली गेली. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायचे म्हटले, तेही नाकारले. आयकर मात्र वसूल केला जात होता! विल्यम डार्गी ह्यांनी काढलेल्या त्यांच्या व्यक्तिचित्राला १९५६ चा आर्चिबाल्ड पुरस्कार मिळाला, तेव्हासुद्धा ते स्वतः देशाचे पूर्ण नागरिक नव्हते.

१९५७ साली सरकारने त्या प्रांतातील १५ हजारांहून अधिक आदिवासींची नावे 'पालकत्वाखालील' म्हणून यादीत घातली, जणू ती सारी अज्ञान मुलेच. आल्बर्ट आणि रुबिना ह्यांची नावे यादीबाहेर ठेवून त्यांना हक्क देण्यात आले. त्यांची मुले यादीतच राहिली. आता त्यांना दारू विकत घेता येत होती, पण ती नातेवाइकाला देणे गुन्हा होता. जमातीचा धर्म मात्र असा, की हातात आलेले गोतावळ्यात वाटायचे. त्यांच्या कमाईवर कितीतरी घरे जगत होती. आपल्याकडेही एकाच्या पगाराकडे अनेकांचे डोळे लागलेले असतात, म्हणून हा पेच समजायला कठीण नाही. दारूने तिथे फार नुकसान केले, हेही आम्ही लपवीत नाही. १९५८ साली तर त्यांच्या वस्तीत एका स्त्रीचा बळी गेला. त्यानंतर, गाडीत रमची बाटली जातभाईच्या हाती लागेल अशी ठेवली ह्या आरोपावरून त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलात ती तीन महिन्यांवर आली. पापुन्या येथे दोन महिने भोगून ते सुटले, पण मनाने खचले होते. ८ ऑगस्ट १९५९ रोजी, ५७ व्या वर्षी, हृदयविकार व न्यूमोनियाने ते वारले.

मिशनविषयीही बोलले पाहिजे. दुष्काळात मिशनने अन्न दिले, अक्षरओळख दिली, चित्रे विकायला मदत केली. परंतु तेथे कोणी काय करावे हे मिशनच ठरवी. ह्या दोन्ही गोष्टी ख्रिस्ती माणसाने एकाच वेळी मान्य कराव्यात असे आम्हांला वाटते.

मृत्यूनंतरही कुटुंबाची फरफट थांबली नाही. १९८३ साली सरकारी विश्वस्ताने त्यांच्या चित्रांचे हक्क केवळ ८,५०० डॉलरना एका प्रकाशकाला विकून टाकले. ते २०१७ साली कुटुंबाच्या न्यासाला परत मिळाले.

त्यांचा पणतू व्हिन्सेंट लहानपणी आई वारल्यावर दूर पर्थला परक्या घरी वाढला. मोठेपणी आपल्या माणसांत परतून तोही चित्रकार झाला. पणजोबा आणि राणी ह्यांना त्याने अनेकदा रंगवले आहे. २०२० साली आर्चिबाल्ड पुरस्कार त्याला मिळाला. तो जिंकणारा तो पहिला आदिवासी चित्रकार.