विसरभोळ्या रॅमचा खापरपणजोबा

शेवटचा पेपर झाला त्या रात्री आमच्या रूममध्ये एक ऑपरेशन पार पडलं. पेशंट होता रूम पार्टनरने घरून उचलून आणलेला गेमिंग पीसी. त्यात ८ जीबीची एकच पट्टी. नवीन गेम सुरू केला की बिचारा धापा टाकायचा. मग पैसे साठवून दुसरी ८ जीबी आणली. जात तीच, डीडीआर४, स्पीडही तोच. स्विच बंद केला, केबल काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली, पट्टीची खाच जुळवली आणि दोन्ही टोकांना दाब दिला. टक्! बायोसमध्ये १६ जीबी झळकले आणि अख्ख्या विंगने टाळ्या वाजवल्या.

तासाभराने लाईट गेली. सेव्ह न केलेली दोन लेव्हल पाण्यात. पार्टनरने नव्या रॅमचा यथेच्छ उद्धार केला. पण त्यात तिचा काय दोष? रॅम मुळातच विसरभोळी. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. चार्ज असला तर १, नसला तर ०. आणि कपॅसिटर म्हणजे गळकी बादली. म्हणून नेहमीच्या तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. म्हणजे सेकंदाला साधारण पंधरा वेळा रॅम स्वतःचाच धडा घोकत असते. वीज गेली की घोकणं बंद, धडा साफ!

ही घोकंपट्टीची युक्ती पहिल्यांदा यंत्रात उतरवणारा माणूस म्हणजे जॉन व्हिन्सेंट अटनासॉफ.

जन्म ४ ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टनचा. वडील बल्गेरियातून आलेले इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आई गणिताची शिक्षिका. बालपण गेलं फ्लोरिडात. नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांनी नवी स्लाइड रूल आणली आणि पोरगं क्रिकेटवेडं व्हावं तसं लॉगॅरिदमवेडं झालं. दहाऐवजी दुसऱ्या पायावर आकडे कसे लिहायचे, हे त्याला आईच्या पुस्तकांतूनच कळलं. पुढे त्या बायनरीनेच कमाल केली.

१९२५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातून इलेक्ट्रिकलची पदवी, १९२६ मध्ये आयोवा स्टेट कॉलेजातून गणितात मास्टर्स आणि १९३० मध्ये विस्कॉन्सिनहून भौतिकशास्त्रात पीएचडी. प्रबंधाचा विषय हेलियमचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट. आता ही गणितं करायची कशावर? टेबलावरच्या मनरो कॅल्क्युलेटरवर, आठवडेच्या आठवडे. आयोवा स्टेटला प्राध्यापक झाल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वाट्यालाही हेच आलं. वीस-पंचवीस समीकरणं एकदम सोडवायची म्हणजे नुसती हमाली! ही हमाली यंत्राने करावी, हा ध्यास सरांनी घेतला.

१९३७-३८ चा हिवाळा. डोक्यात विचारांचा नुसता गुंता. सरांनी गाडी काढली आणि कडाक्याच्या थंडीत पूर्वेकडे निघाले. सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाणत, मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉय राज्यातल्या एका रस्त्याकाठच्या खानावळीत थांबले. आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री टपरीवर सुचतं, त्यांना तिथे सुचलं. यंत्र इलेक्ट्रॉनिक हवं. आकडे बायनरी हवेत. बेरीज दात मोजणाऱ्या चाकांनी नव्हे, तर लॉजिक सर्किटने व्हावी. आणि आठवण ठेवायला कपॅसिटर वापरावेत; ते गळतात, तर गळण्याआधी पुन्हा भरावेत. या पुन्हा भरण्याला त्यांनी पुढे जॉगिंग असं नाव दिलं.

१९३९ मध्ये कॉलेजने ६५० डॉलर मंजूर केले. जोडीला मिळाला क्लिफर्ड बेरी हा इलेक्ट्रिकलचा हुशार विद्यार्थी. फिजिक्स बिल्डिंगच्या तळघरात दोघांनी त्याच वर्षी छोटं मॉडेल चालवून दाखवलं आणि १९४२ पर्यंत मोठं यंत्र उभं केलं. आकार टेबलाएवढा, वजन ३०० किलोच्या वर, आत तीनशेच्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब.

त्याची मेमरी पाहण्यासारखी होती. एकाच दांड्यावर सेकंदाला एक फेरी मारणारे दोन ड्रम आणि प्रत्येकात १६०० कपॅसिटर. ५० बिटांची एक संख्या, अशा ३० संख्या एका ड्रमवर, शिवाय दोन रांगा स्पेअर. फिरताना ब्रशखाली आलेला प्रत्येक कपॅसिटर वाचला जायचा आणि लगेच पुन्हा भरला जायचा. हिशोब करा : वापरातले बिट ३०००, म्हणजे ३७५ बाइट. युनिकोडमधल्या मराठी चिन्हाला सहसा तीन बाइट लागतात. म्हणजे या लेखाचा पहिला परिच्छेदही त्यात मावायचा नाही! पण तेवढ्यावर हे यंत्र २९ अज्ञातांची २९ समीकरणं सोडवण्यासाठी बांधलेलं होतं. गणिताचा भाग उत्तम चालायचा. कुरकुर होती ती मधली उत्तरं कागदी कार्डांवर ठिणगीने भोकं पाडून साठवण्याच्या भागात. तिथे अधूनमधून चूक व्हायची.

इथून गोष्टीला वळण लागतं. डिसेंबर १९४० मध्ये फिलाडेल्फियाच्या एका परिषदेत सरांची जॉन मॉकली या प्राध्यापकाशी ओळख झाली. जून १९४१ मध्ये मॉकली आयोवाला आले, सरांच्याच घरी उतरले, यंत्र पाहिलं, त्याचं टिपणही वाचलं. पुढे १९४२ मध्ये युद्धामुळे सर वॉशिंग्टनला नौदलाच्या प्रयोगशाळेत गेले आणि बेरी कॅलिफोर्नियाला. पेटंटचं काम कॉलेजवर सोपवलं होतं. कागद तयार होते, वकील ठरला होता, पण अर्ज काही दाखल झालाच नाही. १९४८ मध्ये जागा हवी म्हणून यंत्रच मोडीत काढलं, तेही सरांना न कळवता. एक ड्रम आणि थोडे सुटे भाग तेवढे वाचले.

मधल्या काळात, १९४६ मध्ये, मॉकली आणि एकर्ट यांचा एनिॲक जगापुढे आला. पुस्तकांत पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक म्हणून त्याचंच नाव छापलं गेलं आणि १९६४ मध्ये पेटंटही मिळालं. त्या पेटंटच्या रॉयल्टीवरून हनीवेल आणि स्पेरी रँड या कंपन्या कोर्टात भिडल्या आणि तळघरातलं जुनं यंत्र पुन्हा उजेडात आलं. सरांनी जपलेलं टिपण, मॉकलींचा पत्रव्यवहार, सगळं कोर्टापुढे मांडलं गेलं. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी एनिॲकचं पेटंट रद्द ठरवलं. त्यातल्या मूळ कल्पना अटनासॉफ यांच्याकडून आल्या, असा निष्कर्ष दिला. पण नशीब बघा! दुसऱ्याच दिवशी वॉटरगेट प्रकरणाचा भडका उडाला आणि पेपरांत या निकालाला कोपराही मिळेना.

दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा. एनिॲक कितीतरी मोठा होता, वेगवेगळ्या कामांसाठी जुळवता यायचा आणि वर्षानुवर्षं चालला. अटनासॉफ यांचं यंत्र एकाच कामाचं. मॉकलींना तो निकाल शेवटपर्यंत पटला नाही. पण गळक्या कपॅसिटरला पुन्हा पुन्हा भरून मेमरी बनवण्याची चाल त्या दोन ड्रमांचीच. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर अशा डीरॅमच्या पेशीचं पेटंट मिळालं. तिथेही तत्त्व तेच. आमच्या पार्टनरची नवी पट्टी त्याच घराण्यातली.

सरांना मान मिळाला, पण उशिरा. १९७० मध्ये बल्गेरियाने मोठा सन्मान दिला, तर १९९० मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. १५ जून १९९५ रोजी ते गेले. १९९७ मध्ये आयोवात त्या यंत्राची हुबेहूब प्रतिकृती पूर्ण झाली आणि ती खरंच चालली. बेरी मात्र १९६३ मध्येच गेला होता. निकाल ऐकायला तो उरला नाही. तरी सरांनी यंत्राच्या नावात त्याचं नाव कायम ठेवलं : अटनासॉफ-बेरी कॉम्प्युटर, म्हणजे एबीसी. प्रोजेक्ट पार्टनरचं नाव ब्लॅक बुकमधून गाळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मला यात आपल्यासारख्यांसाठी एक सरळ गोष्ट दिसते. कल्पना डोक्यात असते तोवर ती रॅममध्ये असते. सरांचं यंत्र मोडलं, पेटंट राहून गेलं, पण ३५ पानी टिपण शिल्लक होतं, म्हणून तीस वर्षांनी का होईना, कोर्टात सांगायला पुरावा उरला. तेव्हा जर्नल शेवटच्या रात्री दुसऱ्याचं बघून उतरवण्यापेक्षा जे सुचलं ते त्याच दिवशी, तारीख घालून लिहिलेलं बरं.

बाकी आमचा पार्टनर आता दर दहा मिनिटांनी गेम सेव्ह करतो. त्या ड्रमइतका नेम अजून जमलेला नाही, पण सुधारणा आहे!

— तृतीय वर्ष, संगणक शाखा